एकेरी तळाची बुट्टी

लिव्हा की. मारुती आप्पाजी, एवढं बास, आडनाव घालू नका, आडनावानं मला माझा पोरगा बी वळखायचा न्हाय. बेटावरचा मारुती म्हटलं की पेठ वडगावच्या बाजारात कुणीबी सांगंल, त्यो व्हय, बुट्ट्या इणणारा, आधी पोट येतंय आनि मागनं मानूस येतोय त्यो. वय लिव्हा पंचावन्न. बायको अठ्ठावन्न म्हणती, पर तिला माझं सगळंच जास्त वाटतंय, वय बी आनि वजन बी. आनि पावणं, पयल्यांदाच सांगून ठेवतो, मी भित्रा मानूस हाय. तुम्ही म्हणाल, आपण कारागिराचं आयुष्य लिव्हाय आलो आनि ह्यो आपलं भ्याच सांगत बसलाय, पर माझ्या आयुष्यातनं भ्या काढलं तर मागं नुसता बांबू उरतोय, काय सांगू तुम्हास्नी.

बेट म्हटल्यावर तुमच्या डोळ्यापुढं समुद्र आला आसंल, नारळाची झाडं आली आसतील. तसलं काय न्हाय. वारणा हितं आसा वळसा घेती की तीन बाजूला नदी, आनि चौथ्या बाजूला वढा. उन्हाळ्यात तुम्ही चपला घालून चालत याल, वढ्यात चप्पल सुद्धा भिजायची न्हाय. पावसाळ्यात नदीचं पाणी मागं सरून वढ्याला फुग आली की झालं बेट. बारा-चौदा घरं, तेवढीच जनावरं, आनि भवतीनं पाणी. आमचा आजा आला खालनं, किष्णाकाठच्या कानडी मुलखातनं. तिकडं बांबूच्या गोल नावा आसत्यात, हरगोल म्हणत्यात त्येला, भली मोठी बुट्टीच की, भाकरी ठेवायच्या बुट्टीत चार माणसं बसवली तर कशी दिसतील तशी. आज्यानं हितं बेट बघितलं, बेटावर अडकल्याली माणसं बघितली, आनि म्हणाला आपल्याला हितं मरणापातुर काम हाय. तवापास्नं आमी हितंच. आईला अजून अव्वा म्हणतो आमी, थोरल्या भनीला आक्का, बाकी कानडी कुणाला येत न्हाय, चार शिव्या सोडून. आनि आमी नाव-बिव म्हणत न्हाय. बुट्टीच म्हणतो.

आता तुम्ही इचारलं कशी करायची म्हणून सांगतो. बांबूच्या काठ्या वरनं यायच्या, पन्हाळ्याच्या अंगानं. त्या फाडून कामट्या काढायच्या, कामट्या आठ दिस नदीत दगडाखाली भिजत ठेवायच्या, घाई करायची न्हाय, घाई केली की कामटी वाळल्यावर कडकडती. मग तळ. तळ दुहेरी. एक उभ्या-आडव्या कामट्यांचा, त्येच्यावर दुसरा तिरका, आसा की वरच्याची फट खालच्याच्या कामटीवर यावी. मग काठ चढवायचा, मग भाईरनं पूर्वी कातडं आसायचं, आता ताडपत्री, आनि तिच्यावर गरम डांबर. काठ वाकडा झाला तर लोक हसतील, तळ चुकला तर हसाय कोण मागं ऱ्हायाचं न्हाय, आसं आप्पा म्हणायचा आनि माझ्या बोटावर काठी मारायचा. बोटं आजून सरळ हुत न्हाईत, बघा की. ते त्या काठीनं का वयानं, कुणास ठाऊक.

आनि बुट्टी झाली म्हणून लगेच द्यायची न्हाय. पयला इणणाऱ्यानं बसायचं. गिऱ्हाइकानं न्हाय, देवाच्या नारळानं न्हाय, ज्येनं इणली त्येनं बसून मधल्या धारंपातुर जाऊन यायचं, मगच ती दुसऱ्याच्या हवाली करायची. ह्येला आमच्यात बसणी म्हणत्यात. आता सांगा, मी सात वर्साचा आसताना आप्पानं मला बसणीला नेलं, मधल्या धारंला बुट्टी वाईच डुलली, तसा मी आप्पाच्या गळ्याला आशी मिठी मारली की त्येला श्वास घेता येईना, दोघं बी जाणार हुतो, पाण्यानं न्हाय, माझ्या मिठीनं. तवापास्नं मी गुडघ्याच्या वर पाण्यात गेलो न्हवतो. वर्सानुवर्सं बुट्ट्या इणल्या आनि एकीत बी बसलो न्हवतो. मग बसणी कोण करायचं? शालन. माझी बायको. ती नदीकाठची पोर, माशागत पवती, वल्हं हातात आलं की तिला दुसरं काय सुचत न्हाय. लग्न झाल्यावर पयल्याच पावसाळ्यात तिनं माझं सोंग वळखलं आनि पदर खवून बुट्टीत बसली. नवरा-बायको एकच की, म्हणाली, ह्येनी बसलं काय आनि मी बसलं काय. गावात कुणी काय बोललं न्हाय, कारण बोलणाऱ्याला बाजारास्नं घरी याय आमचीच बुट्टी लागायची.

तर पस्तीस वर्सं म्या इणायचं आनि तिनं बसायचं.

आता खरं सांगायचं ते सांगतो, वाईच पाणी पितो.

दोन वर्सामागं हायवेला एक हाटेल निघालं, नाव कशाला घ्यायचं. मालक तरणा हुता, त्येला गावाकडल्या वस्तू भित्तीवर टांगायची हौस. गाडीचं चाक टांगलं, नांगर टांगला, जातं तेवढं पेललं न्हाय म्हणून खाली ठेवलं. त्यो आला आमच्याकडं. काका, म्हणाला, एक बुट्टी पायजे, खरीखुरी, डांबराची, दारावर टांगायची हाय. मला लई बरं वाटलं. बुट्टी कोण घेतंय हल्ली, पूल झालं, गाड्या झाल्या, आमच्या बेटापुरत्या दोन-तीन बुट्ट्या आनि बाकीचं म्हंजे कोंबड्यांची डालगी. पर माझी कंबर त्या वर्सी लई धरली हुती, वाकलं की वर येताना शालनला हाक मारावी लागायची. आनि माझ्या मनात आलं, भित्तीवर टांगल्याल्या बुट्टीत बसणार कोण, पाल? म्हणून पावणं, म्या तळ एकेरी घातला. कामट्या आठ दिसाऐवजी दोन दिस भिजवल्या. खालनं ताडपत्री आनि डांबर, वरनं बारीक कामट्यांची नक्षीची चटई, मधला तळ कुणाला दिसायचा न्हाय. दिसाय आशी झाली की माझं मलाच खरं वाटाय लागलं.

शालन आली, काठावरनं हात फिरवला, म्हणाली तळ दुहेरी घातलासा न्हवं? म्या म्हटलं, व्हय की. म्हणाली, मग उद्या बसणी करूया. म्या म्हटलं, भित्तीवरच्या बुट्टीला कसली बसणी, उगं डांबर खरबडंल, हाटेलवाला नावं ठेवंल. ती माझ्याकडं बघत ऱ्हायली. तिचं ते बघणं आसतंय, रागाचं न्हाय, नुसतं बघणं. मग गेली भाकरी थापाय.

आनि त्याच आठवड्यात पाणी चढलं. हाटेलचा टेम्पो यायचा ऱ्हायला, बुट्टी वट्यावर उताणी पडून. दोन दिसात वढा भरला, तिसऱ्या दिवशी ऊस बुडाला, नुसती शेंडं हालाय लागली, आनि त्या शेंड्यांवर मुंग्या, सरडं, काय वाट्टंल ते चढून बसल्यालं. शेजारचा पांडू आमची चांगली बुट्टी घेऊन म्हाताऱ्या-कोताऱ्यास्नी पलीकडं सोडाय लागला. शेवटची खेप घेऊन गेला आनि धार आशी वाढली की त्यो तिकडंच अडकला. दुसऱ्या दोन बुट्ट्या आधीच पलीकडं. बेटावर उरलो आमी दोघं आनि सखुआक्का. सखुआक्का शेजारची, सत्तरीची, म्हशीला सोडून जाणार न्हाय म्हणून बसल्याली, आनि खरं सांगतो, मी बी म्हशीसाठीच थांबलो आसं सगळ्यास्नी सांगितलं हुतं. म्हैस कारण हुती. मला बुट्टीत बसायचं न्हवतं.

सकाळचं दहा वाजलं आसतील. पाऊस थांबल्याला, चांगला उजेड. वट्याखालच्या इणकामाच्या छपरात पाणी शिरलं हुतं, गुडघ्याएवढं, आनि माझ्या नव्या कामट्यांचा भारा तरंगाय लागला. म्या वट्यावरनं वरडलो, शालन, कामट्या जात्यात बघ, धर की. मी का न्हाय उतरलो ते इचारू नका. ती उतरली. भारा उचलला आनि म्हणाली, अवो, पायाला काय तरी टोचलं. म्या म्हटलं, कामटी टोचली आसंल. ती म्हणाली, कामटी न्हवं. आनि भाऱ्यातनं ती खाली सरकली, घोणस, मनगटाएवढी जाड, अंगावर साखळीगत ठिपकं, पाण्यावरनं सावकाश गेली, तिला काय घाई न्हवती.

शालन आपल्या पायानं वट्यावर आली, बसली, पाय लांब केला आनि मला सांगाय लागली, म्या तिला न्हवं, तिनं मला सांगितलं, घाबरू नगासा, पाय हालू देऊ नगा, बांधा. दोन कामट्या लावून पाय सरळ बांधला. फोन लावला. पुराची सरकारी बोट दुसऱ्या गावाला गेल्याली, म्हणालं दोन-तीन तास तरी लागतील. दोन-तीन तास. पाय तवर घोट्याच्या वर सुजून तकतकाय लागला हुता. म्या फोनवरच्या बाईला म्हटलं, बाई, आमचं बेट हाय वो, ती म्हणाली व्हय काका, नोंद केलीया.

सखुआक्का काठी टेकत आली. पाय बघितला, मग माझ्याकडं बघितलं. आरं मारत्या, म्हणाली, वट्यावर नवी कोरी बुट्टी पडलीया आनि फोन कुणाला लावतोयस?

आता बघा, मला पाण्याचं भ्या, घोणशीचं भ्या, आनि खोटं बोललो ते उघडं पडंल ह्येचं भ्या. तीन भ्या एकदम आल्यावर मानूस पळून जातोय, पर बेटावरनं पळणार कुठं? सांगावं तर शालन म्हणणार, मग नगो, थांबूया, आनि थांबून पाय काळा पडणार. न सांगावं तर मधल्या धारंला तळ जाणार. मला दोन्हीकडं तीच मेल्याली दिसाय लागली. तोंड उघडलं आनि त्यातनं निघालं, वल्हं कुठं हाय.

आक्कानं आनि म्या बुट्टी पाण्याला लावली. शालनला काठाला डोकं टेकवून निजवली. मी चढलो तशी बुट्टी माझ्या बाजूला एवढी कलली की आक्का म्हणाली, मधी बस रं, भोपळ्या. आक्कानं ढकललं. आनि म्या वल्हं मारलं, तर बुट्टी पुढं जायचं सोडून गरागरा फिराय लागली. एकदा वारणानगरकडं तोंड, एकदा वडगावकडं, परत घराकडं, आक्का दोनदा समोरनं गेली. मारत्या, पलीकडं जातोयस का जत्रंतल्या पाळण्यात बसलायस, आसं तिकडनं वरडली. शालन डोळं झाकूनच म्हणाली, अवो, धोपटू नगासा, पाणी काय चादर हाय व्हय? गुडघ्यावर बसा, समोरनं आपल्याकडं वढा. डावीकडनं एकदा, उजवीकडनं एकदा. मी मोजते, तसं वढा. एक. वढलं. दोन. वढलं. आनि पावणं, बुट्टी सरळ निघाली. आयुष्यात पयल्यांदा माझ्या हातानं माझी बुट्टी चालली.

ऊस मागं पडला, उघडी धार लागली. पाणी चहागत तांबडं, त्यात झाडं, घागरी, कुणाचं तरी दार, सगळं आपल्या आधी खाली चाललंय. आनि तळात आवाज झाला. कट्. बारीकच. दुसऱ्या कुणाला कळला नसता. म्या वल्हं थांबवलं न्हाय. परत झाला. कट्. आनि मागनं शालनचं मोजणं थांबलं. पस्तीस वर्सं बांबूत काढल्याली बाई, तिला कामटी मोडल्याली कळणार न्हाय व्हय.

एकेरी हाय न्हवं, म्हणाली.

म्या म्हटलं, व्हय.

मला वाटलं आता बोलंल, रडंल, शिव्या दील, तिच्या जागी मी आसतो तर वल्ह्यानं हाणलं आसतं. ती म्हणाली, चटई उचला. चटई उचलली तर मोडक्या कामटीचं टोक ताडपत्रीतनं आरपार गेल्यालं, आनि बोटाएवढी धार वर उडतीया. म्या डोक्यावरची टोपी कोंबली. टोपी परत वर आली. ती म्हणाली, टोपीवर बसा. म्या म्हटलं, काय? बसा म्हणते न्हवं, एका जागी बसा आनि हालू नगासा, हाललासा तर दुसरी मोडंल. बसलो. ज्या बुडाला सगळं गाव हसायचं ते बूड देवानं कशासाठी दिलं हुतं ते मला त्या दिवशी मधल्या धारंला कळलं. पाणी थांबलं म्हणत न्हाय, झिरपत हुतं, विजार वली झाली, त्यातलं सगळंच पाणी नदीचं हुतं आसं बी मी सांगू शकत न्हाय.

टोपीवर बसताना म्या मागं बघितलं, तर तिच्या दाताच्या कडंला रगत दिसलं, इखाचं. काय झालं, म्हटलं. पुढं बघा, म्हणाली. अकरा. वढलं. बारा.

आता मला मागं वळता येत न्हवतं. वळलो की टोपी सुटणार. ती माझ्या पाठीमागं, मला दिसत न्हवती, नुसता आवाज. आवाज बारीक बारीक हुत चालला. बावीस. तेवीस. मधी लई वेळ लागाय लागला. सत्तावीस. आठ्ठावीस. मग न्हाईच. म्या थांबलो. पाण्याचा आवाज तेवढा. शालन, म्हटलं. न्हाय. शालन. कायच न्हाय. पावणं, मी घोणशीला भ्यालो, पाण्याला भ्यालो, पर त्या दोन घटकंएवढा मी कवाच भ्यालो न्हाय. मान वळवली तर बुडतोय, न वळवली तर ती हाय का न्हाय ते कळत न्हाय. मग म्याच मोजाय लागलो, मोठ्यानं, वरडून, तिच्या वाटणीचं. एकोणतीस, म्हटलं, वढलं. चाळीस, म्हटलं, वढलं. एक्केचाळीस.

मागनं आवाज आला, आसा की पानावरनं थेंब पडावा. तीस.

म्हणाली, तीस येतंय एकोणतीसनंतर.

म्या रडाय लागलो आनि वढाय लागलो. तीस. एकतीस. ती काय परत बोलली न्हाय, पर मला आता मोजायचं हुतं, चुकलो तर ती सुधरंल ह्या आशेनं मी दोनदा मुद्दाम चुकलो बी. पलीकडनं पांडूनं आमाला बघितलं, चार माणसं छातीएवढ्या पाण्यात आली, बुट्टी धरली. मला म्हणालं, काका उठा. म्या म्हटलं, तिला आधी काढा, मी उठलो की बुडतोय. तिला काढली, ट्रॅक्टरवर घातली, आनि मी उठलो तशी ती बुट्टी जाग्यावर भरली.

सरकारी दवाखान्यात दोन दिस डागदर काय सांगंना. पोरगा उचगावास्नं कामावरनं तसाच आला, मला म्हणाला, दादा, तुम्ही बुट्टीत बसलासा? त्येला आईला घोणस चावल्यापेक्षा त्येचंच नवल. तिसऱ्या दिवशी तिनं डोळं उघडलं, भवतीनं बघितलं आनि म्हणाली, म्हशीला कोण घालतंय वैरण? डागदर हसला. सखुआक्का हाय की तिकडं, म्हटलं, आनि मी भाईर जाऊन जिन्यात बसलो.

पर पावणं, ती वाचली म्हणून भ्या गेलं आसं समजू नका. ती तळाबद्दल एक अक्षर बोलली न्हाय. एक दिस न्हाय, दोन न्हाय, म्हयना. मी वाट बघायचा. जेवताना वाटायचं आता बोलंल. भाकरी वाढायची आनि जायची. कुणी आलं, काय झालं म्हणून इचारलं, तर सगळं सांगायची, घोणस सांगायची, टोपी सांगायची, माझं फिरणं सांगून हसवायची, आनि तळावर आली की म्हणायची, कामटी मोडली की वो. बास. माझं खोटं तिनं पदराखाली ठेवलं. शिव्या दिल्या आसत्या तर मी झोपलो आसतो.

मग हाटेलवाला आला. पाणी उतरल्यावर पांडूनं ती बुट्टी आणून आपल्या अंगणात टाकली हुती, ती त्येनं बघितली, चिखलानं माखल्याली, तळ फाटल्याला, आनि त्येचा चेहराच उजळला. काका, म्हणाला, आता तर नक्की पायजे, आशीच द्या, हिची गोष्ट लिहून खाली लावू, लोक फोटो काढतील, वाईच डांबर मारून भोक तेवढं बुजवा. भोक बुजवलं की ती परत नवी दिसणार. दारावर आसणार. हायवेला बी पाणी येतंय हल्ली. कवातरी कुणीतरी घाबरल्यालं मानूस वर बघंल, म्हणंल हितं बुट्टी हाय, आनि खाली काढून आपल्या माणसाला तिच्यात निजवंल. म्या कोयता घेतला आनि तळ मधोमध चिरला, उभा, मग आडवा, ताडपत्रीसकट. अहो काका, अहो काका, करत त्यो नाचाय लागला. शालन आमच्या दारात काठी धरून हुभी हुती. चिरून झाल्यावर ती पुढं आली, फाटक्या तळातनं हात घालून बघितला, एकेरी कामट्या बोटानं चाचपल्या, आनि हाटेलवाल्याला म्हणाली, आता न्या, आता कुणाला फसवायची न्हाय ही. माझ्याकडं बघितलं न्हाय. पर त्या दिवशी जेवताना दुसऱ्यांदा आमटी वाढली.

आता आसं हाय बघा. बेटावरच हाय आजून. पलीकडं ऱ्हायाला जावा म्हणत्यात, जाऊ कवातरी. तिच्या पायाची बोटं गेल्याली न्हाईत, हाईत, पर कळत न्हाय तिला त्यातलं, बधिर पडल्यात. वल्हं आता तिला जमत न्हाय, पाय रोवता येत न्हाय. तिन्हीसांजंला तेल कोमट करतो आनि पाय चोळतो. रोज एकेक बोट दाबतो आनि इचारतो, कळतंय का. न्हाय, म्हणती. दुसरं दाबतो. न्हाय. डागदर म्हणाला येईल, न येईल, सांगता येत न्हाय. मी आपलं रोज इचारतो.

काल काय झालं, वाटीत तेल घेतलं, बोटं बुडवली, ती डोळं झाकून बसल्याली. म्या इचारलं, शालन, कळतंय का वाईच? तर म्हणाली, व्हय, कळतंय की, करंगळीला.

पावणं, म्या आजून हात लावलाच न्हवता.

म्या म्हटलं, बरं झालं. आनि करंगळीपास्नं चोळाय सुरुवात केली. काय करायचं? आसू दे. खरं बोलू दे न्हायतर खोटं, ती बोलत ऱ्हावू दे, एवढंच तुम्ही बी देवाला सांगा जाता जाता. आनि सांभाळून जावा.